गावाला चालेल

जून महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मोठ्या जाऊबाईंनी त्यांच्या कपाटाचा फोटो टाकला. दारं सताड उघडी, साड्या उभ्या घड्या घालून पुस्तकांसारख्या ओळीनं लावलेल्या, टॉप रंगाप्रमाणे वेगळे, मधे मधे रिकामी जागा. खाली लिहिलं होतं, ‘पसारा काढला की मनसुद्धा हलकं होतं!’ नणंदेनं अंगठा दिला, चुलतसासऱ्यांनी हात जोडले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी काहीच दिलं नाही. मी त्या वेळी माझ्या कपाटासमोर उभी होते आणि त्याचं दार गुडघ्यानं ढकलून बंद करत होते. मुंबईचा तो पसारा कुठं गेला हे मला पक्कं ठाऊक होतं. तो माझ्या कपाटात होता.

आम्ही राहतो रत्नागिरीपासून गणपतीपुळ्याच्या बाजूला, रस्त्यापासून थोडं आत. घरात सासूबाई, मी, माझे यजमान आणि आमची एकुलती एक लेक. यजमान रिक्षा चालवतात. मी आंब्याच्या हंगामात कॅनिंगच्या कारखान्यात जाते, बाकीचं वर्ष घर, बागेतली कलमं आणि सासूबाईंची दुखणी. मोठे दीर, जाऊबाई आणि त्यांची मुलगी मुंबईला. मे महिन्यात, गणपतीत आणि शिमग्याला गावी येतात. येताना आमच्यासाठी खाऊ आणतात, खोटं कशाला बोलू. आणि खाऊच्या पिशवीबरोबर दुसऱ्या दोन फुगलेल्या पिशव्या आणतात, ज्यांची चेन हमखास तुटलेली असते. त्या पिशव्या जाताना रिकाम्या होऊन जातात.

त्या पिशव्यांतून काय काय निघतं, काय सांगू! इलास्टिक गेलेले गाऊन. गुडघ्यावर फाटलेली जीन्स, तीही मुद्दाम फाटलेली नव्हे, खरोखरची फाटलेली. कॉलर झिजलेले ऑफिसचे शर्ट. एका गाडीचं सीट कव्हर, जी गाडी त्यांनी केव्हाच विकली. पडद्याच्या जोडीतला एक पडदा. लोकरीचे स्वेटर, कारण ‘गावाला थंडी असते ना गं.’ अहो, रत्नागिरीत कसली आलीय थंडी? इथं डिसेंबरातसुद्धा भर दुपारी पंखा लावतो आम्ही. पण वैनी, म्हणजे या जाऊबाई, ती वस्तू हातात धरतात, उजेडाकडे करून एकदा बघतात, जरा मान वाकडी करतात आणि म्हणतात, ‘टाकवत नाही गं. गावाला चालेल.’

गावाला चालेल. हे दोन शब्द मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. चहाचा कप टवकला, गावाला चालेल. कुकरचा दांडा सैल झाला, गावाला चालेल. जे मुंबईत चालेनासं होतं, ते आपोआप गावाला चालायला लागतं. गावाला म्हणजे कुठं, तर माझ्या घरात. आणि माझ्या घरात म्हणजे कुठं, तर माझ्या कपाटात.

माझ्या म्हणते ते उगाच नाही. ते लोखंडी कपाट माझ्या वडिलांनी लग्नात दिलेलं. आतल्या बाजूला आरसा, खाली खण, वर चार कप्पे. मी घरात आले त्या वर्षी गणपतीला वैनींनी ते उघडलं, आत डोकावल्या आणि हसून म्हणाल्या, ‘अगो बाई, केवढं मोठं कपाट, आणि तुझ्या मोजून चार साड्या! वरचा कप्पा आम्हाला दे हां. येता-जाता ओझं वागवायला नको.’ नवी नवरी काय बोलणार? घ्या म्हटलं. पुढच्या मे महिन्यात दुसरा कप्पा गेला. मग मुलगी झाली त्यांना, तिचा कप्पा. असं करत करत मी खालच्या खणात आले, आणि त्या खणातही अर्ध्या जागेत त्यांच्या घरचे रेनकोट. फाटके. रेनकोट फाटका असेल तर तो गावाला तरी कसा चालेल, हे विचारायचं माझ्या मनात कितीदा आलं. कोकणातला पाऊस काय त्यांचा पाहुणा आहे, जरा हळू पडायला?

बोलले मात्र कधीच नाही. घरात सणाला माणसं येतात, सासूबाईंचा चेहरा फुलतो, उगाच कटकट कशाला. यजमानांकडे कुरकुर केली की ते म्हणायचे, ‘राहू दे ना, काय खायला मागतात काय ते कपडे?’ खायला नव्हते मागत. जागा मागत होते.

आणि त्या जागेपायी माझ्या लेकीचे कपडे आंब्याच्या पेट्यांत राहिले. हो, पेट्यांतच. आपण हापूस भरतो त्या लाकडी पेट्या. दोन पेट्या चांगल्या पुसून, आत जुनं वर्तमानपत्र घालून मी तिच्या खाटेखाली सरकवल्या होत्या. लहान होती तेव्हा तिला त्याची गंमत वाटायची. शाळेत मैत्रिणींना सांगायची, माझ्या फ्रॉकला आंब्याचा वास येतो. मी हसायचे. पावसाळ्यात मात्र त्या पेट्यांत जे होतं ते हसण्यासारखं नसतं. चिऱ्याच्या भिंती ओल धरतात, जमीन ओल धरते, लाकूड तर पाणी पिऊनच बसतं. आठ दिवस हात लावला नाही की कपड्यावर बुरशी. एरवी तिच्याकडे जपायला असं काय होतं म्हणा. चुलतबहिणीचे उतरलेले कपडे. तिला शाळेच्या गणवेशाखेरीज नवं कापड मी किती वेळा घेतलं, ते आठवायला बसले तर माझीच मान खाली जाईल. घ्यायला निघाले की कुणीतरी म्हणायचंच, ‘अगं, पिशवीत आहेत की एवढे. ते नको वाया घालवू.’

यंदा मी कुणाचं ऐकलं नाही. बारावीला चांगले मार्क मिळवून लेक रत्नागिरीच्या कॉलेजात गेली. मी हंगाम संपल्या संपल्या तिला बाजारात नेलं आणि म्हटलं, तुला आवडेल ते कापड घे, पिशवीतलं काही नाही. तिनं आबोली रंगाचं घेतलं. शिंप्यानं झकास शिवला ड्रेस, गळ्याला बारीक पांढरी किनार. घरी येऊन तिनं तो घातला आणि कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली. मग काढला, घडी घातली, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला आणि पिशवी आंब्याच्या पेटीत. ‘आता नको घालायला,’ म्हणाली, ‘काहीतरी चांगलं असेल तेव्हा.’

ते चांगलं ऑगस्टात आलं. पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करायला कॉलेजनं तिला निवडलं. पहिल्याच वर्षाच्या मुलीला! आठवडाभर घरात नुसती पाठांतराची बडबड. सासूबाईंनासुद्धा ‘उपस्थित मान्यवर’ पाठ झालं. आदल्या संध्याकाळी इस्त्री करायची म्हणून लेकीनं पिशवी काढली, आणि काही बोललीच नाही. मी चुलीपाशी होते. एवढी गप्प का म्हणून बघायला गेले, तर ड्रेस तिच्या मांडीवर, आणि पुढच्या बाजूनं, गळ्यापासून पोटापर्यंत बुरशी. वरचा पांढरा बुरा झटकला तर खाली काळे ठिपके, तीळ पेरल्यासारखे. मी लिंबू चोळलं, मीठ चोळलं, कोमट पाण्यात भिजवला, चुलीवरच्या दांडीवर टाकून वाळवला. बुरा गेला. ठिपके जागचे हलले नाहीत.

मी रडायच्या बेताला आले होते. लेक मात्र शांत. माझ्या हातातून ड्रेस घेतला, ओढणी पुढून कशी टाचली तर ठिपके झाकतील ते आरशात बघितलं आणि मला समजवायला म्हणाली, ‘असू दे ना आई. इथंच तर घालायचाय. गावाला चालेल.’

देवाशप्पथ सांगते, तळपायाची आग मस्तकात गेली. वैनी बोलल्या असत्या तर मी नेहमीसारखं गिळून टाकलं असतं. पण हे माझ्या पोरीच्या तोंडून आलं, आणि किती सहज! वैनींची तीच ती मान वाकडी करायची लकबसुद्धा तशीच. ती ड्रेसबद्दल बोलत नव्हतीच. ती स्वतःबद्दल बोलत होती, आणि तिला त्याचा पत्तासुद्धा नव्हता.

मला पत्ता होता. कारण हे वाक्य माझ्याबद्दल बोललं गेलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय. मला बघायला आले होते तेव्हाची गोष्ट. पोहे झाले, चहा झाला, मंडळी उठली. दाराबाहेर खळ्यात चपला घालताना वैनी सासूबाईंना म्हणाल्या, ‘मुंबईला काही उपयोग नव्हता हिचा. पण गावाला चालेल.’ मी दाराआड उभी होते. आणि मूर्खासारखी खूश झाले, कारण त्याचा अर्थ पसंती आली असा होता. इतकी वर्षं मी त्या वाक्याचा तेवढाच अर्थ धरून बसले होते. त्या रात्री दुसरा अर्थ असा काही डोक्यात भिनला की झोप म्हणून लागली नाही. मला चालवलं ते चालवलं. माझ्या लेकीला नाही चालवू देणार.

सकाळी लेक ओढणी टाचून कॉलेजला गेली. यजमान चहा पीत होते. मी कपाटाची दोन्ही दारं उघडली आणि वरच्या कप्प्यात हात घालून जे आलं ते खाली ओढलं. धप्पकन ढीग पडला. ते दचकून म्हणाले, ‘अगं, काय चाललंय? गणपतीत येतीलच ना ते, तेव्हा बघू.’ म्हटलं, ‘अहो, तुम्ही रिक्षा काढा आणि जा.’ त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि उरलेला चहा तसाच ठेवून गेले. शहाणे आहेत तसे.

कप्प्यामागून कप्पा ओढला. काय तो कुबट वास! डांबरगोळ्या केव्हाच्या विरून गेलेल्या, त्यांचे नुसते कागद उरलेले. जो पसारा काढून त्यांचं मन हलकं झालं, त्याच्यात झुरळांनी अंडी घातली होती. मधेच एक चिमुकलं काळं-निळं काहीतरी हाताला लागलं. सासूबाई तोवर उठून दारात येऊन बसल्या होत्या. त्यांनी ते उचलून बोटांनी ताणून बघितलं. ‘ह्ये काय गो? बारक्या पोराचा काय?’

‘नाही आई, वैनींचा. पोहायचा. गणपतीपुळ्याला गेल्या होत्या ना एकदा, तेव्हाचा.’

‘अगो बाय!’ म्हणून त्यांनी तो विंचू असल्यासारखा टाकला. त्या रागातही मला हसू फुटलं. त्यासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. पण मी बोचकी बांधायला घेतली तसं त्यांचं हसू गेलं.

‘बाय, त्यांचा कप्पा नको मोडू,’ म्हणाल्या. ‘कपडे हायत तवर येनं-जानं हाय. कपडे गेले की मग कशाला येतील?’

हे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी त्या कपड्यांना अडगळ म्हणत होते, आणि ही म्हातारी त्यांच्याकडे थोरल्या लेकाचा मुक्काम म्हणून बघत होती. पण राग काही उतरला नाही, उलट वाढला. लेक आईला भेटायला येतो की जुन्या चड्ड्यांना? मी तोंडावर विचारलंसुद्धा, ‘आई, तुम्ही आहात ना इथं? तुम्ही पुरत नाही का त्यांना?’ त्यांनी ढिगातून दिरांचा एक जुना शर्ट ओढून घेतला, मांडीवर ठेवला आणि त्याच्या घड्या घालत बसल्या. तो शर्ट मी मागितला नाही. तो अजून त्यांच्या उशाशी आहे.

बाकीचं सगळं जुन्या चादरींत बांधलं. फेकलं नाही, जाळलं नाही, कुणाला दिलंही नाही. दिलं असतं तर माझ्यावरच आळ आला असता की जावेचे कपडे परस्पर वाटले. करकचून गाठी मारल्या आणि बोचकी ओटीवर रचून ठेवली, येताना-जाताना दिसतील अशी. मग कपाट आतून पुसलं, कडुनिंबाचा पाला घातला. वरचे दोन कप्पे लेकीला. ती संध्याकाळी आली, कार्यक्रम छान झाला म्हणाली, सरांनी कौतुक केलं म्हणाली, आणि कपाट बघून तिथंच थांबली. ‘हे माझं?’ म्हटलं, ‘तुझं.’ तिनं पेट्यांतलं सगळं खाटेवर ओतलं आणि एकेक उचलून बघायला लागली. हे ताईचं, हे ताईचं, हेही ताईचंच. सगळं बाजूला सारून सारून शेवटी तिनं कप्प्यात काय ठेवलं, तर तीन ड्रेस. आबोली सगळ्यात वर, ठिपक्यांसकट. बाकीचं तिनं स्वतःच बोचक्यात कोंबलं. मी एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

गणपतीच्या दोन दिवस आधी मुंबईची मंडळी आली. ओटीवर पाऊल टाकताच वैनींनी बोचकी बघितली. ‘हे काय गं, कुणी घर सोडून चाललंय का?’

‘तुमचे कपडे आहेत, वैनी. सगळे नीट बांधलेत. जाताना गाडीत घालून देते.’

‘आमचे? अगं पण ते इथं लागतात आम्हाला!’

‘लागतात ते घालायचे दोन-दोन जोड बॅगेतनं आणा, बॅगेतनं न्या. हे तुम्हाला मुंबईला चालतील.’

मुंबईला चालतील! आवाज खणखणीत निघाला. नाकाला मिरच्या झोंबल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. दीर चपला काढता काढता थबकले. ‘मुंबईत कुठं ठेवू?’ वैनी म्हणाल्या. ‘एक खोली आणि स्वयंपाकघर. श्वास घ्यायला जागा नाही तिथं. तुमचं बरं आहे, एवढं मोकळं घर.’ ते खोटं नाही. त्यांचं घर मी बघितलंय, ताट ठेवलं की पाय काढून घ्यावा लागतो. पण स्वतःला जागा नाही म्हणून माझ्या पोरीला पेटीत घालायचं, हा कुठला न्याय? हे मी जसंच्या तसं बोलले. वर म्हटलं, ‘तुमच्या कपाटाचा फोटो बघितला मी. छान दिसतं मोकळं कपाट. मलाही तसंच हवंय.’

वैनी वळल्या सासूबाईंकडे. ‘बघताय ना आई? तुमच्या देखत बोलतेय ही.’

मला वाटलं, आता मी एकटी पडले. सासूबाई खांबाला टेकून सुपारी कातरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘कपाट तिच्या बापसानं दिलान.’ एवढंच. पुन्हा अडकित्ता कट् कट्.

मग बायका आत आल्या, चहा झाला, मोदकांच्या पिठाचं काय, फुलं कोण आणणार, सुरू झालं. मला वाटलं मिटलं. पण सवय काय अशी जाते? संध्याकाळी वैनींनी आमच्या खोलीत खाटेवर नवी पिशवी उपडी केली. तीच, चेन तुटलेली. त्यातून टिकल्यांचा एक निळा टॉप काढला, उजेडाकडे धरला, मान वाकडी केली. माझ्या लेकीला हाक मारली. ‘ये गं इकडे. बघ काय आणलंय तुला. ताईला घट्ट होतो आता. काखेत जरासा उसवलाय, पण गावाला चालेल.’

मी दारात होते. तोंड उघडलंच होतं, आणि जे बाहेर पडणार होतं ते सणाच्या दिवसांत घरात बोलण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात लेक बोलली. हसून, अगदी गोड आवाजात.

‘नको काकी. माझ्या कप्प्यात जागा नाही.’

कपाटाचं दार उघडंच होतं. कप्प्यात तीन ड्रेस होते आणि बाकी सगळी जागा रिकामी. वैनींनी ती बघितली. लेकीनं दार लावलं नाही, बाजूला सरकून उभी राहिली आणि त्यांना हवं तेवढा वेळ बघू दिलं.